बिनतळीचा तळ

कालिम्नोस, २५ एप्रिल १९३२

साकेलारीदादा,

तू बरा आहेस असं धरून चालतो. नसलास तरी इतक्या लांबून मी काय करणार? इकडे आत्या बरी, आत्याचे गुडघे बरे नाहीत, बाबा बरे, शेळी बरी. झाली खुशाली. आधी खुशाली, मग मजकूर, असं मास्तर सांगायचे. शाळेतलं एवढंच डोक्यात राहिलंय. बाकी शाळा मी दाराबाहेर उभं राहूनच केली, ते तुला माहीतच आहे.

सहा वर्षांत तुला हे माझं पहिलं पत्र. पत्ता आत्याला आलेल्या तुझ्या नाताळच्या कार्डावरून चोरला. तिला अक्षर येत नाही, म्हणून कार्ड मीच वाचून दाखवतो. तू लिहितोस, 'मी ठीक आहे.' बाकीच्या चार ओळी मी पदरच्या घालतो. यंदा तुला फ्लोरिडात एक घर बांधून दिलं आणि दोन गाढवं घेऊन दिली. लग्नही ठरवत आणलं होतं, पण आत्यानं मुलीचं गाव विचारलं आणि मी अडकलो. तेव्हा तिनं कधी विचारलंच तर घर आहे म्हण.

कार्डाबरोबरचा तुझा फोटो, तो स्पंजांच्या ढिगापुढे टोपी घातलेला, आत्यानं माझ्याकडून संत निकोलसाच्या तसबिरीखाली ठेवून घेतलाय. बाबा रोज तिथे दिवा लावतात. संताकडे बघतात, खाली बघत नाहीत. तुझं नाव त्यांनी सहा वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. पण दादा, फोटोवर धूळ नसते. आणि आत्याचा हात तिथवर पोचत नाही.

आता मजकूर. इटालियन हवालदार नवा आलाय. घरांना निळा-पांढरा, म्हणजे ग्रीसच्या झेंड्याचा, रंग द्यायचा नाही असा त्याचा हुकूम. तर शनिवारी पहाटे त्याच्या खेचराला मानेपासून शेपटापर्यंत निळे-पांढरे पट्टे मिळाले. कोणी दिले देव जाणे. हवालदार त्याला घेऊन धक्क्यावर आला तेव्हा म्हातारे उठून उभे राहिले आणि टोप्या काढून खेचराला सलाम करायला लागले. पाद्रीबाबांनी तर आशीर्वादाला हात उचलला होता, मग कान खाजवला. मला तीन दिवस खेचर घासायला लावलं. पुरावा काही नव्हता. पण गावात काहीही झालं की आधी मला धरायचं आणि मग चौकशी करायची, हा कायदा इटलीचं राज्य यायच्या आधीपासूनचा आहे.

मी आता पाण्यात जातो, हे तुला कोणी कळवलं नसेल. घरात लिहिता येणारा मी एकटाच. कप्तान निकितासच्या होडीवर आहे. हवेच्या नळीचा पोशाख नाही, लोखंडी डोकं नाही. बाबांसारखा उघडा जातो, हातात चपटा दगड धरून, वरून सोडलेला दोर कमरेला. गेल्या मोसमात हात पसरून मोजलेले अठ्ठावीस वाव खोल गेलो. निकितास म्हणतो, थेमेलिसचं पोर आहे, पाण्याला वास ओळखू येतो. मी एकोणीस वर्षांचा आहे आणि अठ्ठावीस वाव खाली जाऊन दोन मोठे स्पंज काखेत घेऊन हसत वर येतो. मी फुशारकी मारतोय असं वाटत असेल तर बरोबर आहे, मारतोय.

आणि म्हणून लिहितो. ईस्टरनंतरच्या गुरुवारी, स्पंजाच्या होड्या आफ्रिकेकडे निघायच्या आधी, मी बिनतळीत उतरणार आहे.

हं, खाली बस. आता ऐक.

बिनतळी होती तिथेच आहे, समुद्रातल्या आडव्या खडकामागे, काळ्या डोहासारखी. आजही तिथे शिशाचा गोळा सोडला की साठ वाव दोर जातो आणि तळ लागत नाही. आजही आत्या माझं ताट वाढताना म्हणते, पोट आहे का बिनतळी. निकितासची बायको त्याच्या घशाला तेच म्हणते आणि पाद्रीबाबा आमच्या सगळ्यांच्या मनाला. पण आपल्या घराचं नाव निघालं की लोक तो शब्द हळू बोलतात. थेमेलिसच्या घराला बिनतळीनं गिळलं, म्हणतात. बापाचे कान गेले आणि मोठा मुलगा गेला. मी दुकानात शिरलो की गप्प होतात.

मला ते बंद करायचंय. मी तिचा तळ आणणार. मूठभर का होईना, आणणार.

निकितास होडी नेईल म्हणतो, पण तिथे दोर धरणार नाही. साफ नाही म्हणाला. दुसरंही कोणी धरणार नाही. तेव्हा दोर कोण धरणार ते माझं मी ठरवलंय. ते आत्ता लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी महिन्यापूर्वी आत्याला सांगायला गेलो, अगदी खरी. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. काल निकितासला सांगितली, तो म्हणाला, यापेक्षा खेचर बरं होतं. माझं खरं कोणी खरं मानत नाही, हे माझंच पीक आहे. तीही आत्ता लिहीत नाही.

ईस्टरला रिवाजाप्रमाणे मी तुझ्या वाटचाही एक सुरुंग डोंगरावरून उडवेन. हवालदाराची मोडलेली झोप ही तुझ्याकडून त्याला भेट समज.

तुझा, अजून जिवंत,
स्केवोस


कालिम्नोस, ११ मे १९३२

दादा,

खुशाली: सगळे बरे. माझ्या डाव्या कानात जरा घंटा वाजते, पण ऐकू येतं. बाबांचे हात सोलले आहेत. ते पुढे येईल.

तळ आहे.

आता सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर मी गडबड करीन.

गुरुवारी सकाळी सगळा गाव धक्क्यावर. माझी थट्टा आहे असं समजूनच निम्मे आले होते, मी पाण्यातून खेचर काढेन की काय म्हणून. बाबा धक्क्याच्या कडेला नेहमीच्या जागी बसून स्पंज कातरत होते. कान गेल्यापासून तेच काम करतात, तुला कळलं असेल. माणसांकडे पाठ आणि कात्री चालू. आज काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांत त्यांनी दोराला हात लावलेला नाही. मी त्यांना बोलावलं असतं तर आले नसते.

म्हणून मी त्यांची कात्री पळवली.

हातातून ओढली आणि निकितासच्या होडीत उडी मारली. बाबा उठले, दादा, काय शिव्या दिल्या. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे त्या बायकांच्या बाजूलाही पोचल्या. धावत येऊन होडीत उतरले, माझी मानगूट धरली, आणि निकितासनं होडी लोटली. कात्री मी लगेच परत दिली. त्यांनी माझ्या डोक्यात एक मारली आणि मग मान वर करून बघितलं तर होडी खडकाला वळसा घालत होती, आणि मागे आणखी वीस होड्या.

त्यांना कळलं कुठे चाललोय ते. चेहरा असा झाला की निकितासनं दुसरीकडे बघितलं.

बिनतळीवर होडी थांबली. मी दोराचं वेटोळं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. तोच दोर, दादा. आपला. माळ्यावरून काढून महिनाभर तेल पाजलं होतं. त्यांनी तो झटकला. मी परत ठेवला. परत झटकला. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा मी हात जोडले. मी हात जोडलेले त्यांनी आयुष्यात बघितले नव्हते, म्हणून असेल, धरला.

आणि धरल्यावर हात आपोआप चालायला लागले. दोर धरणारा पाण्यावरची नजर काढत नाही, खुणा बोटांनी मोजतो, हे तुला काय सांगायचं. दर पाच वावांना लाल लोकरीची गाठ. पहिली गेली. दुसरी गेली. मग हात चालत राहिले, चालत राहिले आणि थांबले. मागे आले. पुन्हा पुढे गेले. दुसऱ्या खुणेपासून पुढची खूण दहा वावांवर होती. मधली तिसरी नव्हती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून लाल लोकर काढली, आदल्या रात्री मीच सोडवून घेतलेली, आणि तिसरी खूण त्यांच्यासमोर बांधली, जिथे असायला हवी तिथे.

दादा, ते हेच होतं. मी आत्याला सांगायला गेलो होतो ते.

त्या वर्षी तू सगळ्यांपुढे म्हणायचास ना, मला डोळे बांधून दोर द्या, एक बोट इकडेतिकडे होणार नाही. मी तेरा वर्षांचा होतो आणि मला तुझं हसं करायचं होतं. त्या सकाळी मी तिसरी खूण काढून घेतली. मला वाटलं, बाबा बिनतळीत उतरायच्या आधी तू दोर चाचपशील, अडखळशील, शिव्या देशील, मी हसेन. पण तू आधी चाचपला नाहीस, कारण आदल्या संध्याकाळी मोजून ठेवला होतास. बाबांनी सांगितलं, पाचव्या खुणेला थांबव. पाचव्या खुणेला पंचवीस वाव. तू पाचवीला थांबवलंस. पण पाचवी ती खरी सहावी होती. बाबा तीस वाव गेले. श्वास पंचवीसचा आणि खोली तीसची.

त्यांना वर घेतलं तेव्हा दोन्ही कानांतून रक्त, शुद्ध नाही. तू त्यांना उलटं करून पाठीवर मारत होतास. सगळे त्यांच्याभोवती होते. आणि मी होडीच्या टोकाला बसलो होतो दोराजवळ, लोकर माझ्या मुठीत.

मी ती परत बांधली.

थट्टा मी तेराव्या वर्षी केली, ती थट्टा होती. पण बांधली ती थट्टा नव्हती. मला कळत होतं मी काय करतोय ते. मग धक्क्यावर म्हाताऱ्यांनी दोर पसरून मोजला, सगळ्या खुणा जागच्या जागी. तू एकटाच म्हणत होतास, मी पाचच मोजल्या. कोणीतरी म्हणालं, पोरगा मुलींकडे बघत असेल. बाबा शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य बोलले, ज्याला पाच मोजता येत नाहीत तो माझ्या घरात नको. तू तिसऱ्या दिवशी बोटीवर चढलास. मी धक्क्यावर होतो. तू माझ्या खिशात बदाम कोंबलेस. मी ते खाल्ले नाहीत, मला टाकताही येईनात. मग शेळीनं खाल्ले.

मला वाटतं तुलाही शेवटी वाटायला लागलं असेल की चुकलंच असेल मोजायला. ते मला सगळ्यात जास्त खुपतं.

तर होडीत. बाबांना सांगायचा दुसरा रस्ता नव्हता. त्यांना ऐकू येत नाही, वाचता येत नाही, आणि मी हातवारे केले असते तर नकला करतोय असं वाटलं असतं. दोराची भाषा त्यांना येते. त्यांनी लोकरीच्या त्या गाठीवर अंगठा ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. वीस होड्यांतल्या लोकांना काही कळत नव्हतं, पण बाबांचं तोंड दिसत होतं.

मी दगड उचलला. निकितास माझ्या कानात म्हणाला, "वेड्या, आज नको. या माणसानं आत्ता दोर सोडला तर मी त्याला काय बोलणार?"

मी म्हणालो, सोडला तर सोडला, त्याचा हिशेब बरोबर आहे. तोंडानं म्हणालो. आतून होडी परत फिरवावी असं वाटत होतं. हे मी फक्त तुला लिहितो.

बाबांना मी बोटं दाखवली, सात. सातवी खूण, पस्तीस वाव. त्यांनी मान हलवली नाही की डोलावली नाही. फक्त उभे राहिले, पाय फाकवून, जसे तू उभा राहायचास. हातावर थुंकले. दोर धरला.

तीन श्वास घेतले आणि गेलो.

पहिले दहा वाव नेहमीचे. पंधराला थंडी. मग दगड डावीकडे ओढायला लागला, म्हणजे मला ओढायला लागला, आणि तेव्हा मला आपल्या पणजोबांपासूनच्या सगळ्या शहाण्यांची गोष्ट कळली. खाली प्रवाह आहे, दादा. नदीसारखा, आडवा. शिशाचा गोळा हलका, तो त्याला घेऊन जातो. साठ वाव दोर खाली गेलाच नव्हता कधी, बाजूला गेला होता. शंभर वर्षं आपण आडव्या दोराला खोली म्हणत आलो. दगड माझा जड होता आणि पुढे धरून मी त्याला वळवत होतो, म्हणून सरळ उतरलो.

पुढे निळं संपलं. मी मनात मोजत होतो. तीसला आलो असेन तेव्हा कानात सुया गेल्या आणि मला वाटलं, इथे. इथे होते ते. अंधारात, दोर थांबेल म्हणून वाट बघत. त्यांना किती वेळ वाटला असेल ते मला त्या एका क्षणात समजलं आणि माझा निम्मा श्वास तिथेच गेला. दोर थांबला नाही. सोडतही होते ते नीट, झटका नाही, ढील नाही. वर एक माणूस आहे हे कमरेच्या दोरातून कळत होतं.

मग दगड थांबला. धप्प. पिठात पडल्यासारखा.

मी हात खाली घातला. चिखल, दादा. मऊ, गार. आणि त्यात गोल गुळगुळीत काहीतरी. दोन्ही मुठींत धरलं. दोर ओढायची खूण करायला हात मोकळा नव्हता, आणि मूठ उघडायची मला अक्कल सुचली नाही. तळ हातात आला होता, तो कसा सोडू? पायानं दोराला लाथ मारली. नंतर कळलं, बाबांना सहा खुणा मोजून झाल्या होत्या, सातवी आली नव्हती आणि दोर ढिला पडला होता. ढिला दोर म्हणजे तळ, नाहीतर पोरानं दगड सोडला. तिथे तळ नाही हे तर त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. मग उरलं काय? निकितास म्हणतो, त्यांनी तेव्हा असा ओरडा केला की खडकावरचे पक्षी उठले, आणि ओढायला लागले. निकितास मदतीला गेला तर त्याला कोपरानं पाडलं. चौतीस वाव एकट्यानं ओढलं त्यांनी मला. त्रेपन्न वर्षांचा माणूस.

वर आलो. नाकातून थोडं रक्त, बाकी ठीक. मूठ उघडली. करड्या रंगाचा चिखल, आणि शिशाचा एक गोळा, जुना, पांढुरका पडलेला. कुणाच्या तरी आज्याचा. आता गावातली अकरा घरं म्हणतात तो आमचाच. हवालदारसुद्धा बघून गेला. तो इटलीचा आहे असं म्हणाला नाही, तेवढी लाज आहे.

बाबांनी चिखल माझ्या हातातून घेतला, नाकाशी नेला, जिभेला लावला. मग माझ्या थोबाडीत मारली. अशी मारली की ती कानातली घंटा त्याचीच असावी, पाण्याची नसावी. आणि मग मला धरून ठेवलं. मी किती वेळ ते लिहीत नाही, तू हसशील.

आता ऐक, हे मला तुला लिहायचं होतं.

धक्क्यावर परतलो तेव्हा लोक टोप्या उडवत होते. थेमेलिसच्या पोरानं तळ आणला म्हणून ओरडत होते. मला खांद्यावर घ्यायला चार जण पुढे आले. बाबांनी हात वर केला. होडीतच उभे होते, दोर गळ्यात. आणि ते बोलले, त्यांच्या त्या आवाजात, ज्याला माप नाही. मला खात्री आहे मठातल्या जोगिणींनीसुद्धा ऐकलं.

"माझ्या साकेलारीनं पाचच मोजल्या होत्या. खूण ह्या गाढवानं काढली होती. साकेलारीला मोजता येतं."

दादा, सहा वर्षांनी. तुझं नाव. दोनदा.

कोणी माझ्याकडे कसं बघितलं ते मी बघितलं नाही. आत्या मधेच खाली बसली. ज्यानं मुलींबद्दल ते म्हटलं होतं तो म्हातारा पुढे आला, टोपी काढली, आणि बाबांपुढे उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाठ केली, पण जरा उशिरानं केली. मला खांद्यावर कोणी घेतलं नाही. बरोबरच आहे. मी चालत घरी आलो, आणि तरी सांगतो, आयुष्यात इतका ताठ कधी चाललो नव्हतो. तळ आणला म्हणून ताठ होतो असं गावाला वाटलं असेल. वाटू दे.

आता खेचरही गावात माझ्याशी बोलत नाही. आत्या वाढते, पण पोटावरून काही म्हणत नाही. ते सगळ्यात वाईट आहे. चालेल. मी सहा वर्षं तुझ्या वाटचं मजेत खाल्लं, आता माझ्या वाटचं खातो.

मी माफी मागत नाही. तू इथे असतास तर थोबाडीत मारली असतीस आणि मोकळा झाला असतास, पत्रात तेवढी सोय नाही. माफी मागून घेतली तर फुकटात सुटल्यासारखं होईल. तुला जे वाटेल ते वाट.

परवा होड्या सुटतायत. मीही जातोय निकितासबरोबर. जाण्याआधी काल बाबांसमोर कागद घेऊन बसलो. तुझा फोटो दाखवला, लिहिण्याची खूण केली, आणि बोट त्यांच्याकडे केलं, म्हणजे तुम्ही काय सांगता. त्यांनी फोटो घेतला. सदऱ्याच्या बाहीनं पुसला, सवयीचं काम असल्यासारखा. मग दोन्ही हात पालथे-उताणे करून मला दाखवले. साल निघालीय, दोराचा वळ तळव्यात आरपार.

म्हणाले, "लिही, हात सोलले."

आणखी काय लिहू म्हणून मी खूण केली. ते म्हणाले, एवढंच. दोर धरणारा माणूस आहे तो, कळेल त्याला.

दोर आता माळ्यावर नाही. तुझ्या खाटेच्या वरच्या खुंटीला आहे. सातही खुणा मी मोजल्या. मग बाबांनी मोजल्या. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार.

तिसरी खूण काढणारा, आणि परत बांधणारा, तुझा भाऊ
स्केवोस